सोड म्हटल्यावर

४ फेब्रुवारी

चि. ठमे,

आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी मुद्द्याचं. वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, परवाना तुझ्या नावावर झाला, दुनळी कपाटातून बाहेर निघाली आणि तू दर रविवारी बापासारखी क्लबच्या मैदानावर जाऊन थाळ्या फोडतेस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. कानाला लावला की समोरच्याचं ऐकायचं राहतं आणि मी नुसता हो हो करत बसतो. म्हणून हे पत्र. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातली सातवी अर्धीच. चुकलंमाकलं सांभाळून घे.

ती बंदूक आधी आबांची, मग दादाची. दादा गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा ती वयाने मोठी आहे. एवढ्या म्हाताऱ्या लोखंडाचा काय भरवसा? नळ्या आतून गंजल्या असतील. बार पुढे जायच्या ऐवजी मागे आला तर? डोळेही तपासून घे, दादाला शेवटी शेवटी एका डोळ्याने धूसर दिसायचं, ते घराण्यात असेल. आणि धक्का खांद्याला बसतो. तुझा खांदा तो केवढा.

तुझी काकू म्हणते, तुमची भीती गाठोड्यात बांधून ठेवली तर घरात दुसरं सामान मावणार नाही. म्हणू दे. दादा होता तेव्हा त्याची काळजी करायचो, आता ती रिकामी झालेली काळजी कुठेतरी ठेवायला हवी ना.

माझं ऐकशील तर हा नाद सोड. बंदूक तेल लावून कपाटात राहू दे.

तुझा काका


१५ फेब्रुवारी

ती. काका,

पत्र दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा नीट.

क्लबच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने नळ्या उजेडाला धरून पाहिल्या. आत तोंड दिसेल इतक्या लख्ख आहेत. काडतूस बसतं ती जागा हल्लीच्या बंदुकांपेक्षा आखूड आहे, म्हणून तिला आखूडच काडतुसं लागतात. बाबा वापरायचे तीच मी वापरते. डोळ्यांचं म्हणाल तर मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचेच डोळे तपासत असते, कामावर गेले की रोज एकदा स्वतःचेही पाहते. खांदा ठीक आहे.

तुम्ही मैदान कधी पाहिलं नाहीत म्हणून तुम्हाला ते रणांगण वाटतं. पुढे गवताचा मोठा पट्टा आहे. त्याच्या अलीकडे जमिनीत एक खड्डा, वर सिमेंटची स्लॅब. खड्ड्यात यंत्र आणि यंत्रवाला बसतात. आम्ही मागे उभं राहायचं, बंदुकीचा दस्ता खांद्याला लावायचा, हाक द्यायची. हाक ऐकली की यंत्रवाला दांडा ओढतो आणि थाळी समोर उडते. चहाच्या बशीएवढी असते. म्हणायचं मातीची, पण असते डांबर आणि चुन्याची. ती आपल्यापासून लांब पळते, तेवढ्यात तिला गाठायचं. कुणी मरत नाही, कुणी रडत नाही. आमचा यंत्रवाला तर खड्ड्यात बसून रेडिओ ऐकतो.

सध्या माझ्या फारशा फुटत नाहीत. मधे खंड पडला, हात बसायला वेळ लागेल. काकूला सांगा, गाठोड्यातली थोडी काळजी इकडे पाठवली तरी चालेल, माझ्याकडे जागा आहे.

ठमी


२३ फेब्रुवारी

चि. ठमे,

तू लिहिलंस, फारशा फुटत नाहीत. ते वाक्य मी काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, नाही फुटत तर बरंच आहे, थाळ्या वाचल्या. तिला समजत नाही. तू शाळेत असताना दादाबरोबर जायचीस आणि क्लबच्या बंदुकीने तेव्हाच्या बाप्यांना मागे टाकायचीस, हे दादा मला सांगून सांगून थकत नसे. तुझा हात बसायचा बाकी आहे हे मी कसं मानू? खांदा दुखतो आणि तू लपवतेस.

सोबतच्या पार्सलात खांद्याला लावायची गादी आहे. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या, एवढी छोटी वस्तू आजवर शिवली नव्हती. वरचं कातडं चांगल्यातलं आहे. आत आधी काथ्या घातला. मग वाटलं टोचेल, म्हणून काढून फोम घातला. मग वाटलं फोम दबून जाईल, म्हणून वरून पुन्हा थोडा काथ्या घातला. बंद मागून बांधायचे आहेत. बंदूक कुठल्या खांद्याला लावतेस ते ऐन वेळी आठवेना, वहिनीला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून डाव्या-उजव्या अशा दोन केल्या.

लावून बघ आणि खरं काय ते कळव. आणि एवढं करूनही दुखत असेल तर सोड बाई. बापाचं सगळंच पुढे चालवलं पाहिजे असं काही नाही.

तुझा काका


९ मार्च

ती. काका,

गाद्या मिळाल्या. उजवी बांधून मैदानावर गेले. मिस्त्री म्हणाला, ही बांधून सोफ्यावर बसायचं का सोफा व्हायचं? जाड आहे काका, दस्ता गालापाशी येतच नाही. पण शिवण पाहून त्याने ती फिरवून फिरवून पाहिली, आणि डावी त्याने स्टुलावर ठेवायला मागून घेतली.

खांदा खरंच दुखत नाही. खरं काय ते कळव म्हणालात, म्हणून कळवते. आईला यातलं काही माहीत नाही.

माझं बोट अडतं. क्लबची बंदूक घेतली तर चालतं. दुनळी हातात आली की थाळी उडते, मला दिसते, नळी तिच्या मागे जाते, आणि चाप ओढायच्या क्षणी बोट लाकडाचं होतं. थाळी अख्खी गवतात जाऊन पडते. यंत्रवाला ती उचलून पुसून परत लावतो. एकच थाळी मी एका सकाळी तीनदा पाहिली आहे.

थाळी मागायला कुणी काहीही ओरडतं. कुणी हाप् म्हणतं, कुणी नुसतं हं. आपल्या घरची हाक ‘सोड’. बाबांनी मला तीच शिकवली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी त्यांचा हात धरून बसले होते. बोलणं आठवडाभर बंद होतं. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, सोड. मी हात सोडला. गरम भांडं सोडावं तसा, दचकून. नर्सला हाक मारायला वळले, आणि परत पाहिलं तेव्हा ते गेले होते. काका, ते मैदानावर उभे होते की मला हात सोड म्हणत होते, मला कळलं नाही. एवढंच कळतं की शेवटी त्यांच्या हातात माझा हात नव्हता.

हाक बदलून पाहिली. तोंडातून दुसरं येतं, कानात तेच येतं.

मिस्त्री म्हणतो, ही अडचण पुष्कळांना होते, त्यावर उपाय आहे. चाप असा करून देतात की आधी दाबून धरायचा आणि सोडला की बार उडतो. त्यासाठी दुनळीचा आतला जुना खटका कापावा लागेल. एकदा कापला की ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. नाहीतर ती क्लबच्या कपाटात काचेमागे ठेवायची आणि आपण मोकळं व्हायचं. महिनाअखेर ती मिस्त्रीच्या हाती देते.

तुम्ही दर पत्रात तोच शब्द लिहिता, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

ठमी


१३ मार्च

चि. ठमे,

कापू नको. आधी हे वाच.

तो शब्द तुला नव्हता. तो मला होता.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. आम्ही लहान होतो तेव्हा कुठला क्लब आणि कुठलं यंत्र. गावाबाहेर खडी काढून सोडून दिलेली खाण होती. आबा दादाला तिथे न्यायचे आणि मला थाळ्या उडवायला. थाळ्या म्हणजे तडकलेल्या बशा आणि फुटकी कौलं. मी खाणीच्या भिंतीआड बसायचो, कानात बोळे आणि डोळे मिटलेले. दादा तिकडून ओरडायचा, सोड. मी हात वर करून बशी भिरकावायचो. मला दिसायचं काहीच नाही. नंतर तो येऊन सांगायचा, फुटली रे, किंवा, तुला नीट फेकता येत नाही. त्याची ती हाक जन्मभर माझ्यासाठीच होती. क्लबात गेल्यावर तोंडात बसली म्हणून राहिली.

त्या दिवशी मी खिडकीपाशी उभा होतो. तू त्याच्या तोंडाकडे बघत होतीस, त्याच्या डोळ्यांकडे नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सोड म्हणाला. तुझ्या हाताशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता झालं ना समाधान? बंदूक मिस्त्रीकडे नेऊ नको. मी आधीच्या पत्रांत जो शब्द लिहिला तो खोडून टाक. मला दुसरा सुचला नाही म्हणून लिहिला.

तुझा काका


२० मार्च

ती. काका,

तुम्ही खोलीत नव्हता.

नर्सने टॉवेल आणायला सांगितला होता, म्हणून तुम्ही खाली गेला होता. लहान लागेल का मोठा ते कळेना, म्हणून तुम्ही दोन घेऊन आलात. दारात उभे राहिलात तेव्हा दोन्ही काखेत होते. मला तो दिवस नको इतका आठवतो, काका.

मी रागावलेली नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत आणि तेही इतकं नीट रचून, की खिडकी वाचेपर्यंत मी मानत आले होते. खाणीचं खरं असणार. ते तुम्हाला रचता आलं नसतं. बाबांनी मला कधी सांगितलं नाही की पलीकडे तुम्ही असायचात.

पण माझं होतं तिथेच राहिलं. रविवारी पुन्हा जाऊन आले. बोट हललं नाही. ठरल्याप्रमाणे ती मिस्त्रीला देते.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काकूला सांगा तुमच्याकडे लक्ष ठेवायला.

ठमी


२६ मार्च

चि. ठमे,

खोटं लिहिलं. दोन रात्री रचत होतो, आणि टॉवेल विसरलो. काकू म्हणाली, तुम्हाला साधं उन्हाळ्यात स्वेटर घालून थंडी वाजते असं खोटंही सांगता येत नाही, आणि चालले पोरीला फसवायला.

आता खरं लिहितो. हे आधीच लिहायचं होतं, पण मला वाटलं मेलेल्या माणसाच्या हाताबद्दल कुणी लिहीत नाही.

मी टॉवेल घेऊन आलो तेव्हा नर्स तुला बाहेर घेऊन गेली. मी आणि दादा दोघेच उरलो. मला काही सुचेना म्हणून मी त्याचं पांघरूण नीट करायला लागलो. आयुष्यभर तेच केलं, सुरकुत्या काढल्या. त्याचा उजवा हात चादरीवर होता. चार बोटं सैल पडली होती आणि एक वाकलेलं होतं. अंगठ्याशेजारचं. मी ते सरळ केलं, ते परत वाकलं. पुन्हा केलं, पुन्हा वाकलं. मला वाटलं आजारातलं काही असेल, म्हणून तसंच पांघरूण घातलं. घरी आल्यावर काकूला तेवढंच सांगितलं.

तुझं पत्र आल्यापासून मी ते बोट डोळ्यांसमोरून हलवू शकलो नाही. हात सोड म्हणणाऱ्याचं बोट असं कशाला वाकेल? सोड म्हणून त्याने चाप ओढला, ठमे. तू हात काढलास म्हणून त्याचं बोट मोकळं झालं. नसता काढलास तर त्याचा बार राहून गेला असता.

आता यावर विश्वास ठेव म्हणायचं माझं तोंड राहिलेलं नाही. काकूला विचार. तिला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

तुझा काका


३० मार्च

ती. काका,

काकूला फोन केला. ती म्हणाली, त्या दिवशी हे घरी आले, दोन टॉवेल काखेतच, खुर्चीत बसले आणि माझ्यासमोर बोट वाकवून दाखवत राहिले. मी म्हटलं आधी पाणी प्या. एवढं सांगून तिने फोन ठेवला. काकूने टोमणा न मारता फोन ठेवल्याचं हे पहिल्यांदाच.

पुढे काय होईल माहीत नाही. बंदूक मिस्त्रीकडे दिलेली नाही. त्याला म्हटलं, एकदा बघते, तेवढं थांब. आणि तुम्हाला मागते आहे ते हे, की दांडा ओढायला तुम्ही या. तुम्हाला खड्ड्यात बसवायला क्लबने हो म्हटलं आहे, यंत्रवाला शेजारी असेल. स्लॅब एक वीत जाड आहे, मी मोजली. वरून ट्रक गेला तरी काही होणार नाही. कापूस मी आणते.

नाही म्हणालात तर मी समजून घेईन. पण ती हाक ज्याला होती तो पलीकडे असावा असं वाटतं.

ठमी


११ एप्रिल

चि. ठमे,

सुखरूप पोचलो. तू बसमध्ये बसवून दिलंस तेव्हा पुष्कळ बोलायचं होतं, पण ड्रायव्हर घाईत होता आणि मला गर्दीत बोलता येत नाही. शिवाय खड्ड्यात काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

यंत्रवाला भला माणूस आहे, त्याने मला हाताला धरून खोक्यावर बसवलं आणि रेडिओ बंद केला. वर स्लॅब, समोर उजेडाची एक फट, तेवढंच. त्याने थाळी लावली आणि दांडा माझ्या हातात दिला. मी डोळे मिटले. त्याने विचारलं, असं कशाला? मी म्हटलं, मला असंच येतं.

तू म्हणालीस, सोड. मी ओढला. थाळी गेली आणि पुढे काहीच नाही. गवतात पडली तेव्हा थड् असा बारीक आवाज आला. यंत्रवाल्याने दुसरी लावली. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी तू बराच वेळ काही बोलली नाहीस. माझ्या तळव्याला घाम सुटला, दांडा निसटेल असं वाटायला लागलं, मी तो अजून घट्ट धरला. मला वाटलं तू म्हणालीस. शपथेवर सांगतो, मला तुझा आवाज ऐकू आला. यंत्रवाला म्हणतो तू काहीच म्हणाली नव्हतीस, म्हाताऱ्याचा हातच दचकला. थाळी सुटून गेली, आणि वर बार झाला.

मी अंग चोरून घेतलं. मग स्लॅबवर कपच्या पडल्याचा आवाज आला, कौलांवर खडे पडावेत तसा. यंत्रवाला म्हणाला, ही मोजणीत धरत नाहीत, हाकेशिवाय गेली. मी म्हटलं, नका धरू.

तेवढ्यात तू वरून ओरडलीस, “काका, मी म्हटल्यावर.” रागावली होतीस. तुझ्या आवाजात इतका ताजा राग मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तू लहानपणी माझ्या दुकानातल्या सीटांवर नाचायचीस आणि मी हाकललं की असंच बोलायचीस.

मग म्हणालीस, सोड. मी ओढला, आणि तुझ्या शब्दात आणि बारात मला अंतर सापडलं नाही. पुढचीही तशीच. त्याच्या पुढचीही. यंत्रवाल्याला थाळ्या लावायला हात पुरेनात. तू कुठल्या तोऱ्यात हाक मारत होतीस ते तुला माहीत नसेल. दादा असाच उर्मटपणे मागायचा, जणू बशा त्याच्या बापाच्या. होत्याही म्हणा.

खटका कापून घ्यायचा विषय संपला असं मी धरून चालतो. तसं नसेल तर लवकर कळव, म्हणजे मी वेळेवर काळजीला लागेन. धक्का खांद्याला बसतोच, ते मी आता जवळून ऐकलं आहे. म्हणून पातळ गादी शिवतो आहे, यावेळी एकच, उजवी.

काकूने दारातच विचारलं, किती फुटल्या. मी म्हटलं, मोजल्या नाहीत. चुकली ती एक आठवते. शेवटून दुसरी. सोड झालं, बार झाला, आणि थाळी पुढे जाऊन अख्खीच्या अख्खी गवतात पडली. यंत्रवाला हळहळला, अरेरे म्हणाला. मी हसायला लागलो, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. तो मला सांगत राहिला, आजोबा, चुकली ती, चुकली. त्याला काय सांगणार. बार झाला होता.

अनेक आशीर्वाद.

तुझा काका